घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे

"जितका घाम जास्त, तितकी चरबी जास्त जळते" हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. मग मे महिन्याच्या उन्हात नागपूरच्या अंबाझरी तलावावर जॅकेट घालून धावणारे दिसतात. समज होणं साहजिकच आहे. वजनकाटा खरंच खाली आलेला असतो.

पण घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ, अंग थंड ठेवायची सोय. जळालेल्या चरबीचा मोठा भाग श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन जातो.

आता हिशेब. ७० किलोचा माणूस १० किलोमीटर धावला, तर साधारण ७०० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७००. सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असं धरलं, तरी १०० ग्रॅमही जात नाही.

घरीच तपासा. धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. माझं दीड किलो उतरलं होतं. मग पाणी, ताक, जेवण, लेकीसोबत कराटेचा क्लास. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा जवळपास धावण्याआधी होता तिथंच!

अल्ट्राचा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीचा, लांब सराव मी पहाटे चारला सुरू करतो. घाम कमी, कॅलरी जवळपास तेवढ्याच, आणि पोरीचा डबा भरायला वेळेवर घरी. जॅकेट माळ्यावर आहे, डिसेंबरात काढतो.