सॉनेट : इंग्रजी काव्यप्रकार

सॉनेट हा इंग्रजी कवितेतील चौदा ओळींचा, ठरावीक वृत्ताचा आणि ठरावीक यमकबंधाचा काव्यप्रकार. मराठीत त्याला सुनीत म्हणतात. ‘चौदा ओळींची कविता म्हणजे सॉनेट’ ही व्याख्या परीक्षेपुरती चालते, पण तिने सॉनेट हाती लागत नाही. ओळी काय, कोणीही मोजून चौदा लिहील. सॉनेटचा जीव असतो तो कलाटणीत. एक विचार मांडायचा, फुलवायचा आणि मग एका नेमक्या जागी ‘पण’, ‘तरीही’ किंवा ‘म्हणून’ असे म्हणत त्याची दिशा फिरवायची. या जागेला ‘व्होल्टा’ हा इटालियन शब्द रूढ आहे. त्याचा अर्थच वळण. सॉनेट वाचताना पहिल्यांदा शोधायचे ते हे वळण. यमके नंतर पाहिली तरी चालतात.

हा प्रकार मूळचा इंग्रजी नाही. तेराव्या शतकात सिसिलीत, सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबारात तो घडला आणि त्याचे श्रेय सहसा जाकोमो दा लेंतिनी या दरबारी कवीला दिले जाते. हा गृहस्थ पेशाने नोटरी होता. ‘सोनेत्तो’ म्हणजे छोटासा नाद. पुढे पेत्रार्कने (1304–1374) लॉरा नावाच्या स्त्रीला उद्देशून शेकडो सॉनेटे लिहिली आणि युरोपभर या प्रकाराचे वेड लागले. त्याच्या घाटात दोन भाग असतात : आठ ओळींचे अष्टक आणि सहा ओळींचे षट्क. अष्टकात यमके दोनच, कखखक कखखक अशी (ज्या ओळींना एकच अक्षर, त्या ओळींचे यमक एक). षट्कात गघच गघच किंवा गघगघगघ. प्रश्न अष्टकात पडतो, उत्तर षट्कात येते आणि कलाटणी नवव्या ओळीच्या उंबरठ्यावर.

इंग्लंडमध्ये सॉनेट आणले आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या दोघांनी. सर टॉमस वायट (1503–1542) राजाचा दूत म्हणून परदेशी जात असे. त्याने पेत्रार्कची सॉनेटे इंग्रजीत उतरवली. हेन्री हॉवर्ड, अर्ल ऑफ सरे, याने त्यांना नवा घाट दिला. 1547 मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद झाला. दोघांची सॉनेटे 1557 साली टॉटेल या मुद्रकाने काढलेल्या संग्रहात छापली गेली. ती पाहायला दोघेही हयात नव्हते.

सरेला नवा घाट का लागला, याचे उत्तर भाषेच्या स्वभावात आहे. इटालियन शब्द बहुधा स्वरान्त, त्यामुळे यमकांचा तिथे सुकाळ. मराठी कवीला हे समजावून सांगायला नको. ‘जातो–गातो–पाहतो’च्या जोरावर आपल्याकडे वाटेल तितकी लांब कविता यमकात बसते, आणि म्हणूनच तसले यमक आपण हलके मानतो. इंग्रजीत मात्र शब्दांची टोके नाना तऱ्हांची. सॉनेटचा हुकमी विषय ‘लव्ह’. त्याच्याशी जुळणारे शब्द पाहावेत तर ‘अबव्ह’, ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’ असे बोटांवर मोजण्याइतके. अष्टकात एकाच यमकाचे चार-चार शब्द आणायचे म्हणजे अर्थाची ओढाताण ठरलेली. सरेने यमकांची संख्या वाढवून प्रत्येकावरचा भार कमी केला : कखकख गघगघ चछचछ जज. चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी एक द्विपदी. याच घाटात पुढे शेक्सपिअरने लिहिले, म्हणून त्याला शेक्सपिअरचे नाव मिळाले. एडमंड स्पेन्सरने कखकख खगखग गघगघ चच अशी कडवी एकमेकांत अडकवून तिसरा घाट केला. तो देखणा आहे, पण त्याच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही.

यमके बदलली आणि त्याबरोबर विचाराची चालही बदलली. शेवटी द्विपदी आली की कवीला तिथे टाळी घ्यायचा मोह होतो. इंग्रजी सॉनेटांतल्या पुष्कळ द्विपद्या त्यामुळे म्हणीसारख्या चटपटीत झाल्या आहेत. आधीच्या बारा ओळींत कमावलेले काही वेळा तिथे स्वस्तात जाते.

वृत्ताबाबत मराठी वाचकाची एक फसगत होते. आपला कान अक्षराची लांबी मोजतो : लघु की गुरू. इंग्रजी वृत्त चालते ते आघातावर, म्हणजे अक्षर किती जोराने उच्चारले जाते त्यावर. सॉनेटचे नेहमीचे वृत्त आयॅम्बिक पेंटामीटर : आधी हलके अक्षर, मग आघाताचे, अशा पाच जोड्या. ‘शॅल आय् । कम्-पेअर । दी टू । अ सम् । मर्स डे’ असे तोडून म्हटले की चाल कळते. ‘ज-टा-ट-वी-ग-लज्-ज-ल’ हे पंचचामर ज्याच्या कानात आहे, त्याला लगा-लगाची (एक लघु, एक गुरू) ही झुलती गती ओळखीची वाटेल. फक्त तिथे अक्षर लांबवायचे असते, इथे दाबायचे. शिवाय इंग्रजी कवी ही चाल मुद्दाम मोडतात. ओळीच्या तोंडालाच आघात टाकला की वाचक दचकतो, आणि तेच हवे असते.

वर फोड केलेली ओळ शेक्सपिअरच्या 18 क्रमांकाच्या सॉनेटची आहे. ‘तुला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा देऊ का?’ असा तिचा प्रश्न. (विदर्भातल्या वाचकाने इथे इंग्लंडचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणावा, आपल्याकडे प्रिय व्यक्तीला मे महिन्याची उपमा देणे म्हणजे भांडण ओढवून घेणे.) कवी उपमा देऊ करतो आणि दुसऱ्याच ओळीत ती मागे घेतो : तू त्याहून सुंदर आहेस, सौम्य आहेस. ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’ हे उदाहरण ज्यांनी शाळेत पाठ केले, त्यांनी हा अलंकार ओळखला असेल : व्यतिरेक. मग उन्हाळ्याचे दोष मोजले जातात. मे महिन्यातल्या कळ्यांना वारा झोडपतो, आकाशाचा डोळा कधी जास्तच तापतो तर कधी त्याचा सोनेरी वर्ण झाकोळतो. उन्हाळ्याला मुदत थोडी, हे सांगताना शेक्सपिअर ‘लीज’ हा शब्द वापरतो. म्हणजे भाडेपट्टा! प्रेमकवितेच्या मध्यात कोर्टकचेरीतला शब्द येतो आणि सौंदर्य मालकीचे नसून भाड्याचे आहे, हे एका रूपकात सांगून होते. नवव्या ओळीच्या आरंभी ‘बट’ येतो : पण तुझा उन्हाळा कधी मावळणार नाही. म्हणजे यमके सरेची, पण वळणाची जागा पेत्रार्कचीच. द्विपदीत कारण कळते : जोवर माणसे श्वास घेतील आणि डोळ्यांना दिसेल, तोवर ही कविता जगेल आणि ती तुला जगवील. स्तुती प्रिय व्यक्तीची चालली होती की कवितेची, असा संशय इथे येतो, आणि तो रास्त आहे.

शेक्सपिअरची 154 सॉनेटे 1609 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, 1590 च्या दशकात, इंग्लंडमध्ये सॉनेटमालांची लाटच आली होती. सर फिलिप सिडनीची 108 सॉनेटांची माला त्याच्या मृत्यूनंतर, 1591 मध्ये छापली गेली. नियम मात्र शेक्सपिअरनेही पाळलेच असे नाही. त्याच्या 99 क्रमांकाच्या सॉनेटात पंधरा ओळी आहेत, 126 मध्ये बारा.

सतराव्या शतकातल्या मिल्टन या कवीने सॉनेट प्रेमातून सोडवून धर्म, राजकारण आणि स्वतःचे अंधत्व यांकडे वळवले. दृष्टी गेल्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध सॉनेटात तो विचारतो : डोळेच नाहीत, तर ईश्वर माझ्याकडून दिवसाचे काम मागेल का? नियमाने उत्तर नवव्या ओळीत यायचे. पण प्रश्न पुरा होतो न होतो तोच, आठव्या ओळीच्या मध्येच ‘धीर’ माणसासारखा पुढे होऊन त्याला अडवतो. अलंकार चेतनगुणोक्तीचा, खरी करामत मात्र जागेची आहे. धीराने घाई करावी, ही गंमत मिल्टनने ओळीच्या आखणीतच बसवली आहे.

अठराव्या शतकात मागे पडलेले सॉनेट शार्लट स्मिथने 1784 च्या संग्रहाने पुन्हा चालते केले. वर्डस्वर्थने पाचशेहून अधिक लिहिली. शेलीचे ‘ओझिमँडिअस’ जानेवारी 1818 मध्ये ‘एक्झॅमिनर’ या लंडनच्या साप्ताहिकात आले. होरेस स्मिथ या मित्राशी लागलेल्या चुरशीतून ते लिहिलेले. स्मिथचे सॉनेटही पुढच्याच महिन्यात तिथेच छापून आले. ओझिमँडिअस हे इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसचे ग्रीक नाव. कवीला एक प्रवासी भेटतो, प्रवासी मोडक्या पुतळ्याबद्दल सांगतो, पुतळ्याच्या चौथऱ्यावर राजाचे शब्द कोरलेले असतात : बलवंतांनो, माझी कृत्ये पाहा आणि हताश व्हा. लगेच पुढचे वाक्य : बाकी काहीच उरलेले नाही. राजाने लिहिले धमकीच्या अर्थाने, वाचणाऱ्याला कळते ते भलतेच. उपरोध याहून कमी शब्दांत साधत नाही. शेवटी ‘बाउंडलेस–बेअर’, ‘लोन–लेव्हल’, ‘सँड्स–स्ट्रेच’ असे अनुप्रास लागोपाठ येतात आणि वाळू पसरत गेल्यासारखी ओळ लांबते. यमकबंध ना पेत्रार्कचा ना शेक्सपिअरचा. ‘स्टोन’ला ‘फ्राउन’ असे अर्धेच जुळणारे यमकही शेलीने खपवले आहे. भंगलेल्या पुतळ्यावरच्या कवितेला ते शोभते.

भारतात इंग्रजी सॉनेट लवकर पोचले. कोलकात्याच्या डेरोझिओने 1828 मध्येच मायभूमीला उद्देशून एक लिहिले होते. मायकेल मधुसूदन दत्त यांची बंगाली सॉनेटे 1866 मध्ये ग्रंथरूपाने आली. मराठीत केशवसुतांनी (1866–1905) ते रुजवले आणि त्याला ‘चतुर्दशक’ म्हटले. सुनीत हे नाव पुढे रूढ झाले. त्यांच्या ‘आम्ही कोण?’ची पहिली चार यमके पाहावीत : लाडके, खेळावया, लीलया, शके. ही पेत्रार्कची कखखक. शेवट मात्र ‘तारांगणे–जिणे’ या द्विपदीने, म्हणजे शेक्सपिअरच्या रीतीने. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरे. इंग्रजी सॉनेट साधारण 140 अक्षरांत आटोपते. या वृत्तातल्या मराठी सुनीताला 266 मिळतात. मराठी सुनीत इंग्रजीपेक्षा ऐसपैस, काहीसे वक्तृत्वाकडे झुकलेले वाटते, त्याचे एक कारण या हिशेबात आहे. विंदा करंदीकरांनी पुढे वृत्ताचे बंधनच काढून ‘मुक्तसुनीत’ लिहिले.