चांदीच्या दोन कणांमधली फट

रमण इफेक्ट आपण शाळेत शिकतो, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची भाषणंही करतो, पण हा इफेक्ट मुळात किती कमजोर आहे ते मला एमएस्सीला लॅबमध्ये बसल्यावरच कळलं. लेझर मारला की रेणूवरून बहुतेक सगळा प्रकाश आला त्याच रंगाचा विखुरतो, साधारण एक कोटी फोटॉनमागे (म्हणजे प्रकाशाच्या कणांमागे) एखादाच रंग बदलून बाहेर पडतो. तो किती बदलला यावरून रेणूतले बंध कसे थरथरतात ते समजतं, म्हणजे रेणूच्या बोटाचा ठसाच मिळतो म्हणा. त्यात सॅम्पल रंगीत असेल तर फ्लुओरोसन्सचा, म्हणजे प्रकाश शोषून रेणू स्वतःच चमकायला लागतो त्या उजेडाचा लोंढा येतो आणि तो एकटा फोटॉनही बुडून जातो, दुष्काळात तेरावा महिना.

यावरचा उपाय, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाच्या मदतीने रमण सिग्नल वाढवायची पद्धत (आता हिला सरफेस-एन्हान्स्ड रमण किंवा SERS म्हणतात), १९७४ मध्ये इंग्लंडला साउदम्प्टन विद्यापीठात सापडला. फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड खरखरीत केला, त्यावर पिरिडीन नावाचं रसायन चिकटू दिलं आणि सिग्नल एकदम दणदणीत आला. त्यांना वाटलं, खरखरीत केल्यामुळे जागा वाढली, जास्त रेणू बसले, म्हणून असं झालं. पण १९७७ मध्ये अमेरिकेत व्हॅन डाइन यांच्या ग्रुपने आणि इंग्लंडमध्ये ऑल्ब्रेक्ट-क्रायटन यांनी वेगवेगळा हिशोब मांडला, तर सिग्नल लाखपटीच्या घरात वाढलेला, आणि जागा काही लाखपट वाढत नाही.

खरं कारण चांदीतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनमध्ये आहे. भरलेली बादली घेऊन चालताना पावलांचा आणि पाण्याचा ताल जुळला की पाणी कसं हिंदकळून बाहेर सांडतं, तसंच इथे होतं. ५०-६० नॅनोमीटरच्या कणात (केसाच्या जाडीत असे हजारेक कण ओळीने बसतील) प्रकाशाचा ताल जुळला की सगळे इलेक्ट्रॉन एकत्र हिंदकळतात आणि कणाच्या अगदी अंगालगत विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं. तिथे बसलेल्या रेणूवर पडणारा प्रकाशही जोरात आणि त्याच्याकडून निघणाराही जोरात, असा दुहेरी फायदा, त्यामुळे क्षेत्र दहापट झालं तर सिग्नल जवळपास दहा हजारपट होतो! आणि दोन कण एक-दोन नॅनोमीटरवर आले तर त्यांच्यामधल्या फटीत जे होतं त्यापुढे एकटा कण काहीच नाही. याच फटीला हॉटस्पॉट म्हणतात, सगळा खेळ तिथलाच आहे.

हे कण बनवायला फार काही लागत नाही. १९८२ ची ली आणि मायझल यांची रेसिपी आजही चालते, अर्धा लिटर पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, पाणी उकळायला लागलं की एक टक्क्याचं सोडियम सायट्रेट १० मिलि, आणि मग तासभर उकळत ठेवायचं, की पिवळट-करडं गढूळ पाणी तयार होतं. (सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की काळा डाग कित्येक दिवस जात नाही, मतदानाच्या शाईत तेच असतं.) पण यातले कण सायट्रेटमुळे सगळे ऋणभारित असतात, एकमेकांना लांब ढकलतात, मग फट कुठून येणार? म्हणून त्यात किंचित मीठ घालायचं, साधं सोडियम क्लोराइड. कण जवळ येऊन पुंजके करतात आणि स्क्रीनवर सपाट रेषेतून पीक, म्हणजे सिग्नलचे टोकदार उंचवटे, वर यायला लागतात. मी पहिल्यांदा मीठ जास्त घातलं, पाच मिनिटांत सगळी चांदी करडा गाळ होऊन तळाला बसली आणि अख्खा दिवस वाया गेला.

१९९७ पर्यंत या पद्धतीने एकेकटा रेणू ओळखण्यापर्यंत मजल गेली. मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या मार्को लिओना यांचा २००९ चा शोध, त्यांनी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन चामड्याच्या तुकड्यावरचा लाल रंग ओळखला, तो निघाला आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या झाडाच्या मुळांचा. असे रंग साध्या रमणमध्ये फ्लुओरोसन्सखाली बुडतात, चांदी तो फ्लुओरोसन्सही दाबते. चीनमधल्या श्यामेन विद्यापीठाच्या टीमने २०१० मध्ये सिलिकाचं पातळ कवच चढवलेले सोन्याचे कण थेट संत्र्याच्या सालीवर पसरून कीटकनाशक पकडलं.

अडचण मात्र मोठी आहे आणि ती त्या फटीचीच आहे. एका जागी हॉटस्पॉट मिळतो, शेजारी काहीच नाही, शिवाय चांदी हवेत काळी पडते, म्हणून तर पुष्कळजण कमी सिग्नल चालवून घेतात पण सोनं वापरतात. सालीवर कीटकनाशक आहे एवढं सांगून भागत नाही, किती आहे ते सांगता आलं पाहिजे, माझ्या मते खरं काम तेच आहे. त्यासाठी सॅम्पलबरोबर ओळखीचा दुसरा एक रेणू ठरावीक प्रमाणात घालतात आणि त्याच्या पीकशी तुलना करतात, म्हणजे फट कमी-जास्त झाली तरी दोघांचे सिग्नल सोबतच कमी-जास्त होतात.