राष्ट्रवाद आणि वैश्विक मानवी हक्क

राष्ट्राला पहिली निष्ठा वाहणारा राष्ट्रवाद आणि माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला असणारे हक्क, यांचा मेळ बसतो का, हा राज्यशास्त्रातील जुना वाद. कोकणात तो पाण्यावरून उभा राहिला. आधी तळ्याच्या, मग समुद्राच्या.

मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केले, पण अस्पृश्यांना तेथे पाणी भरण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहींसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि नंतर तळ्याची ‘शुद्धी’ही केली. त्याच डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी आपल्या सभेची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी केली. ही तुलना फार मोलाची आहे. त्या सभेने काढलेल्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या नावातच ‘माणूस’ आणि ‘नागरिक’ हे दोन्ही शब्द आहेत. महाडची मागणीही दुहेरी होती: माणूस म्हणून पाणी हवे आणि समतेवर राष्ट्र उभे राहावे. म्हणून राष्ट्रवाद व मानवी हक्क मुळातच परस्परविरोधी आहेत, हे म्हणणे महाडपुढे टिकत नाही. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला.

भारतीय संविधानाने दोन्ही धागे ठेवले. कलम १५ मध्ये विहिरी व तलावांचा नावानिशी उल्लेख आहे. कलम १९ मधील स्वातंत्र्ये नागरिकांची आहेत. कलम १४ ची समानता आणि कलम २१ चे जीवित व स्वातंत्र्य मात्र कोणत्याही व्यक्तीचे, परदेशी माणसाचेसुद्धा.

या शेवटच्या शब्दांची खरी परीक्षा समुद्रात होते. पालघरकडचे अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तान त्यांना पकडतो, भारतही पाकिस्तानी मच्छीमारांना पकडतो. दोन्हीकडची माणसे पोटासाठीच समुद्रात गेलेली असतात. १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम ७३ सांगते की, विशेष आर्थिक क्षेत्रातील, म्हणजे ज्या समुद्रपट्ट्यातील मासळीवर किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो तेथील, मासेमारीच्या गुन्ह्याला, संबंधित देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये. दोन्ही देश २००८ च्या समझोत्यानुसार १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा भोगून झाली तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत खलाशाची सुटका अडून राहते, आणि ती खातरजमा त्याच्याच देशाने करायची असते.