पाऊस पडून गेला की आधी मातीची सुतळी वळून बघा

पाऊस थांबला की दुसऱ्याच दिवशी बूट चढवून ट्रेलवर पळायचं आणि चिखल दिसला की कडेच्या गवतावरून सरकत सरकत पुढे जायचं, बूट खराब नको म्हणून, हे मी पण कित्येक वर्षं केलंय. वाटेची वाट लावायची असेल तर याच्याइतकं सोपं काही नाही.

होतं काय, तर चांगल्या मातीत जवळपास अर्धी जागा छिद्रांचीच असते, त्यात हवा आणि पाणी. कण एकमेकांना घासून धरून ठेवतात म्हणून माती आपलं वजन पेलते. पण छिद्रं पाण्याने गच्च भरली की आपण पाय ठेवल्यावर भार कणांवर यायच्या आधी पाण्यावर येतो, पाण्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि पाय रुततो. कार्ल टर्झागी नावाच्या इंजिनिअरने हे गणित 1925 च्या सुमारास मांडलं, इमारतींचे पाये आजही त्याच्यावरच उभे आहेत.

आता सगळी माती सारखी नसते. वाळूचा कण 0.05 ते 2 मिलिमीटर, त्यातून पाणी पटकन खाली जातं. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक, तिथे पाणी दिवसेंदिवस अडकून बसतं. म्हणजे पाऊस तोच, पण रेताड वाट काही तासांत चालण्याजोगी होते आणि चिकणमातीची वाट कोरडी दिसली तरी आतून ओलीच असते, फसवते ती हीच.

मग ओळखायचं कसं? 1911 मध्ये अल्बर्ट अटरबर्ग या स्वीडिश केमिस्टने एक भारी युक्ती सांगितली होती, लॅबमध्ये ती आजही करतात. चिमूटभर माती घ्या, तळहातावर सुतळीसारखी वळा. साधारण 3 मिलिमीटर जाडीपर्यंत वळली आणि तुटली नाही, तर माती अजून मऊ आहे, तुमच्या बुटाचा ठसा तिच्यात बसणारच. भुगा झाला तर खुशाल चाला. (रेताड माती ओली असली तरी वळतच नाही, तिथे ही टेस्ट सोडून द्या, पाय रुततोय का तेवढं बघा.)

ठसा उमटला तर एवढं काय बिघडतं, असं वाटेल. पण ठशाखाली छिद्रं दबून बंद होतात, पुढच्या पावसाचं पाणी तिथे मुरतच नाही, डबकं साचतं, मग लोक डबक्याच्या बाजूने जातात, तिथलं गवत मरतं, तिथेही चिखल होतो, आणि हातभर रुंदीची वाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. उतारावर तर सायकलच्या चाकोऱ्या वाळून कडक नाल्या बनतात आणि पाणी त्यातून माती घेऊन धावतं.

म्हणून पावसानंतर एकदोन दिवस कातळाच्या, खडीच्या, रेताड किंवा सरळ डांबरी वाटा बघाव्यात. उन्हाकडे तोंड असलेला उतार लवकर वाळतो, दाट झाडीतला आणि दरीच्या तळाचा सगळ्यात शेवटी. जिथे जमीन गोठते तिथे पहाटे जावं, कारण दुपारी वरचा थर वितळतो पण खाली बर्फ तसाच, पाण्याला जायला जागाच नाही, त्याच्यासारखा बेकार चिखल दुसरा नाही.

आणि तरीही मध्येच चिखल लागला तर एक तर मागे फिरा, नाहीतर बरोब्बर मधून चाला. बूट धुता येतात.