कराटे की तायक्वांदो? पोरगी नेमकं काय शिकतेय ते बघा तरी

ठाण्यात घोडबंदर रोडला कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी क्लबहाउसबाहेर पांढऱ्या ड्रेसातल्या पोरी दिसतात आणि आपण सरसकट "कराटे" म्हणून मोकळे होतो, पण त्यातल्या बऱ्याच जणी तायक्वांदो शिकत असतात. लांबून ओळखायचं तर गळा बघा. कराटेचं जॅकेट समोरून उघडं, एकावर एक घेऊन पट्ट्याने बांधलेलं, तायक्वांदोचं बहुतेक डोक्यातून घालायचं, व्ही गळ्याचं. कराटे जपानचं, तायक्वांदो कोरियाचं, असो.

खरी गंमत पॉइंटमध्ये आहे. तायक्वांदोत लाथेचं राज्य, छातीच्या गार्डमध्ये सेन्सर, पायात सेन्सरवाले मोजे (मोठ्या मॅचला हे लागतंच, आणि स्वस्त नसतं हां), अंगावर किक बसली की 2, डोक्यावर 3, गिरकी घेऊन मारली तर अजून जास्त, पंचला बिचाऱ्याला 1 आणि तोही फक्त छातीवर, तोंडावर ठोसा मारायचाच नाही. कराटेत तोंडाकडे पंच चालतो, त्याचा 1, पोटावर किक 2, डोक्यावर 3, पण फटका कंट्रोलमध्ये हवा, जोरात लागला तर मारणारीलाच पेनल्टी! म्हणून कराटेवाली झपकन आत शिरून लगेच मागे येते, आणि तायक्वांदोवाली पुढचा पाय हवेत ठेवून समोरचीला अडवत बसते.

बायकांच्या बाबतीत दोघांनाही मानलं पाहिजे. ऑलिंपिकला बॉक्सिंगमध्ये बायकांना थेट 2012 ला घेतलं, तेही 3 वजनगटांत, त्यातच आपल्या मेरी कोमचं ब्राँझ. तायक्वांदो 2000 ला सिडनीत आलं तेव्हाच पुरुषांचे 4 आणि बायकांचे 4 गट होते. कराटेतही समसमान, पण ते टोकियोला एकदाच आलं, 2021 मध्ये झालं ते, तिथे स्पेनच्या सांद्रा सांचेझने 39 व्या वर्षी काताचं (समोर कोणी नसताना एकटीने ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या, तो प्रकार) गोल्ड घेतलं, आणि पॅरिसला खेळच यादीतून गायब. एशियन गेम्सला मात्र दोन्ही असतात.

त्यामुळे पोरीला ऑलिंपिकचं वेड असेल तर माझं मत सरळ तायक्वांदो. उद्या बॉक्सिंगकडे वळायचं असेल तर कराटे बरं, निदान तोंडासमोर हात येण्याची सवय होते. आणि क्लास कुठलाही असो, सरांना विचारा मॅचला कुठे नेता, कारण वर्षभर एकही फाइट न खेळता नुसत्या परीक्षा देऊन पट्ट्याचे रंग बदलत असतील तर ती फी परीक्षेची चाललीय, खेळाची नाही.