पॉलिप, कॅन्सर आणि एका नावाचा घोळ

मोठ्या आतड्यातल्या पॉलिपचा (म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेल्या गाठीचा) पुढे कॅन्सर होऊ शकतो हे आज कुणीही सांगेल, पण 1950-60 च्या दशकात यावरच कडाक्याचे वाद होते. 1962 मधे एका बड्या मेडिकल जर्नलमधे अडेनोमाचा (ग्रंथींच्या पेशी बिघडून झालेल्या पॉलिपचा) खरंच कॅन्सर होतो का असा थेट सवाल करणारा पेपर आला, आणि त्याचा सूर 'नाही' कडेच होता. कॅन्सर चांगल्या अस्तरातूनच उगवतो असं मानणारा एक गट होताच. पुरावा आणायचा कुठून? ताठ नळीने जेमतेम 25 सेंटीमीटर आत दिसायचं आणि त्याच्या वरचा पॉलिप काढायचा म्हणजे पोट उघडायचं. 1969 मधे लवचिक दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, करंट देऊन पॉलिप कापणं जमलं आणि मग अख्खे पॉलिप मायक्रोस्कोपखाली यायला लागले. एकाच गाठीत एका कडेला साधा अडेनोमा, दुसऱ्या कडेला कॅन्सर. 1975 पर्यंत 'अडेनोमा ते कॅन्सर' ही साखळी बऱ्यापैकी मान्य झाली, 1988 मधे त्यामागचे जीन्समधले बदलही टप्प्याटप्प्याने मांडले गेले.

इथपर्यंत गोष्ट सरळ. घोळ पुढे आहे.

पॉलिपचे तेव्हा ढोबळ दोनच डबे होते, अडेनोमा म्हणजे धोका आणि हायपरप्लास्टिक, म्हणजे पेशी नुसत्याच जास्त वाढलेला, तो निरुपद्रवी. रिपोर्टवर दुसरा शब्द दिसला की विषय संपला. 1990 मधे एका पेपरने दाखवलं की काही पॉलिप दोन्हीकडचे गुण घेऊन बसतात, कडा करवतीसारख्या दातेरी पण पेशी बिघडलेल्या, आणि 'सेरेटेड अडेनोमा' हे नाव आलं. 1996 नंतर आणखी एक प्रकार वेगळा काढला गेला आणि तोच खरा लबाड. बहुधा उजव्या बाजूला, चपटा, वर शेंबडासारख्या चिकट द्रवाची टोपी, कडा आजूबाजूच्या अस्तरात विरलेल्या, म्हणजे दुर्बिणीतूनही सहज निसटणारा. मायक्रोस्कोपखाली वरून अगदी हायपरप्लास्टिकच वाटतो, फक्त ग्रंथींचा तळ बघायचा, तो सरळ नळीसारखा न संपता बुटासारखा आडवा पसरलेला असतो. तुकडा तिरका कापला गेला की तळ दिसतच नाही, मग पॅथॉलॉजिस्ट तरी काय करणार.

आता याला म्हणायचं काय? अडेनोमा म्हटलं तर त्यात डिस्प्लेजिया, म्हणजे पेशींमधला बिघाड, हवा, आणि यातल्या बहुतेकांत तो नसतो. नुसतं पॉलिप म्हटलं तर कुणी गांभीर्याने घेणार नाही. 2010 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तोडगा निघाला तो म्हणजे 'सेसाइल सेरेटेड अडेनोमा/पॉलिप' (सेसाइल म्हणजे देठ नसलेला, सेरेटेड म्हणजे दातेरी), मधे तिरकी रेघ मारून दोघांनाही खूश केलं! असली नावं कमिटीतच जन्माला येतात. 2019 मधे दोन्ही शब्द काढून 'सेसाइल सेरेटेड लीजन' (लीजन म्हणजे नुसतीच बिघडलेली जागा) केलं, जे माझ्या मते आधीच करायला हवं होतं, कारण मधली कितीतरी वर्षं तीच गाठ एका लॅबमधे अडेनोमा, दुसरीत पॉलिप आणि तिसरीत साधी हायपरप्लास्टिक म्हणून जात होती. जुन्या स्लाइड परत तपासल्या तेव्हा 'निरुपद्रवी' लिहिलेल्यांपैकी काही याच प्रकारच्या निघाल्या. अशा दातेरी पॉलिपच्या वाटेने होणारे कॅन्सर मोठ्या आतड्याच्या एकूण कॅन्सरमधे 15 ते 30 टक्के धरतात, म्हणजे प्रकरण किरकोळ नाही. अर्थात बहुतेक पॉलिप, कुठल्याही नावाचे असोत, कॅन्सरपर्यंत पोचतच नाहीत.

पॉलिप काढल्याने फायदा किती, यावरही आकडे बदलत गेले. 1993 च्या गाजलेल्या अभ्यासात पॉलिप काढलेल्यांमधे कॅन्सर अपेक्षेपेक्षा 76 ते 90 टक्के कमी निघाला, पण तुलना जुन्या, वेगळ्याच गटांशी होती. 2022 मधे युरोपातल्या मोठ्या रॅंडमाइज्ड चाचणीत (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, एका गटाला कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासायला, बोलावून) दहा वर्षांत कॅन्सरमधे घट दिसली फक्त 18 टक्के, आणि लगेच 'कोलोनोस्कोपी फेल' असल्या हेडलाइन्स, पण बोलावलेल्यांपैकी 42 टक्केच तपासणीला आले होते हे हेडलाइनमधे कोण लिहितो.

अमेरिकेत 2018 आणि 2021 मधे अशी तपासणी सुरू करायचं वय 50 वरून 45 वर आणायच्या शिफारसी आल्या. 2020 मधे पॉलिप सापडल्यावर पुढची कोलोनोस्कोपी किती वर्षांनी करायची, ते अंतरही तिथे बदललं. एकदोन छोटे साधे अडेनोमा असतील तर 7 ते 10 वर्षांनी, तेवढेच छोटे सेसाइल सेरेटेड असतील तर 5 ते 10, आणि हायपरप्लास्टिक असूनही 10 मिलिमीटर किंवा मोठा असेल तर 3 ते 5 वर्षांनीच, कारण तो खरंच हायपरप्लास्टिक आहे का, याची आता कुणालाच फारशी खात्री वाटत नाही.