समर्थ (नारायण धारपांच्या भयकथांतील नायक)

नारायण गोपाळ धारप (२७ ऑगस्ट १९२५ – १८ ऑगस्ट २००८) यांनी मराठी भयकथेत आणलेला नायक. भूतबाधा, करणी किंवा जुन्या वास्तूत दबा धरून बसलेली एखादी अमानवी शक्ती यांच्या तावडीत सापडलेल्या माणसाला सोडवणे हे त्याचे काम. धारपांनी भयकथेबरोबर विज्ञानकथा आणि रहस्यकथाही भरपूर लिहिल्या. वाचकांच्या तोंडी मात्र समर्थच राहिला. हे नाव कृष्णाकाठचे आहे आणि त्या बाजूने पाहिल्यावाचून या पात्राचे वजन नीट कळत नाही.

सातारा जिल्ह्यात ‘समर्थ’ म्हटले की भयकथेआधी सज्जनगड आठवतो. रामदासस्वामी (१६०८–१६८२) १६४४ च्या सुमारास कृष्णेच्या खोऱ्यात आले. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी अकरा मारुती स्थापले, असे संप्रदायात मानतात. चाफळचे दोन, उंब्रज, मसूर, माजगाव, शहापूर आणि शिंगणवाडी असे सात साताऱ्यात. बहे-बोरगाव व शिराळा हे दोन सांगलीत. मनपाडळे व पारगाव कोल्हापूरकडे. बह्याचा मारुती तर कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. रामदासांच्या ‘भीमरूपी’ स्तोत्रात भूत, प्रेत, समंध यांचा नाश होईल, असे आश्वासन आहे. दिवेलागणीला शुभंकरोतीपाठोपाठ ते घोकणाऱ्या पोराला समंध म्हणजे काय हे कळण्याआधीच त्याचा बंदोबस्त पाठ झालेला असतो.

धारपांच्या एका पुस्तकाचे नावच ‘समर्थाचिया सेवका’ असे आहे. हे मनाच्या श्लोकांतील तिसाव्या श्लोकाचे पहिले शब्द. श्लोकातला समर्थ म्हणजे राम. पुढे लोकांनी तो शब्द रामदासांनाच लावला आणि धारपांनी तो उचलून आपल्या नायकाला दिला. उसनवारी उघड आहे, आणि तिचा फायदाही मोठा: नायक कोण, कुठला, त्याच्या अंगी बळ कुठून आले, हे समजावत बसावे लागत नाही. नाव ऐकताच मराठी वाचक अर्धा निर्धास्त होतो.

कथा बहुधा साध्यासुध्या घरातून सुरू होते. कोणी नोकरदार माणूस, वारशाने आलेला वाडा, कुलूप घातलेली खोली. मग गारठा जाणवू लागतो, कुबट वास येतो, जिन्यावर कोणी नसताना पाऊल वाजते. धारपांचे खरे कसब या पानांत आहे. त्यांना दचकवायची घाई नसते. ते हिशेबनीस जमाखर्च मांडतो तशा थंडपणे एकेक नोंद वाढवत नेतात. शेवटी तो माणूस समर्थांकडे येतो. समर्थ ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, मग निघतात. पुढचा सामना कितीही रंगला तरी निकाल ठरलेला असतो. समर्थकथांची ही मर्यादा म्हणायची, आणि त्या पुन्हा पुन्हा वाचल्या जाण्याचे कारणही हेच असावे.

या भागातल्या चावडी-पारावरच्या भुतांना असा एकच तारणहार नसतो. तिथे ज्याची त्याची जागा आणि ज्याचा त्याचा मान ठरलेला. नदीच्या डोहात आणि विहिरीवर साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता. त्यांना खण, हिरव्या बांगड्या, ओटी. पिंपळावर मुंजा: मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा. समंध म्हणजे वासना अडकून राहिलेला मेलेला माणूस, बहुधा वाड्याच्या नाहीतर धनाच्या आसपास. रात्री शिवारातून येणाऱ्याला फिरवत ठेवतो तो चकवा. आणि या सर्वांचा राजा वेताळ. बाधा झाली म्हणजे देवऋषी, तिकाटण्यावर (तीन वाटा मिळतात तिथे) उतारा, नाहीतर नवस. इथे भुताशी लढाई क्वचितच होते; बहुतेक वेळा देवाणघेवाण होते. धारपांनी यातली वस्तू आणि वातावरण घेतले, व्यवहार सोडून दिला. त्यांच्याकडे वाईट शक्तीला नैवेद्य दाखवून परत पाठवता येत नाही, तिचा निकाल लावावाच लागतो. ही दृष्टी गावच्या पारापेक्षा पाश्चात्त्य भयकथेला जवळची आहे. तिकडून त्यांनी बरेच घेतलेही. ‘लुचाई’ ही कादंबरी अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग यांच्या एका कादंबरीवर बेतलेली आहे. उतरवून घेतले असे म्हणून नाक मुरडणारे वाचक आहेत, पण परकी पिशाच्चे मराठी आळीत इतकी सहज नांदवणे हे नुसत्या भाषांतराने साधत नाही.

देवऋषी आणि उताऱ्याच्या याच मुलखातून त्यांना आव्हान देणारा माणूसही निघाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) जन्माने सातारचे. शिक्षण सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय येथे. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. या कायद्याचा रोख भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आणि लुबाडणूक यांवर आहे, भुतांच्या गोष्टींवर नाही. समर्थांची पुस्तके उशाशी ठेवून अंगारा नाकारणारे वाचक साताऱ्यात काही कमी नाहीत, आणि त्यांना यात विसंगती वाटत नाही.

धारपांची पुस्तके विकत घेऊन कपाटात मांडण्यापेक्षा वाचनालयातून आणून, दोन रात्रींत संपवून परत करण्याची. पुठ्ठ्याची बांधणी, तेलकट झालेले कोपरे, आतल्या चिठ्ठीवर तारखांच्या शिक्क्यांची दाटी. अशा प्रतींना कृष्णेच्या काठी एक जादा धोका असतो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगरवाचनालयातील हजारो पुस्तके भिजून गेली.

धारपांचे समकालीन रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) गूढकथेत वेगळ्या वाटेने गेले. त्यांच्याकडे संकट बहुतेकदा माणसाच्या मनातूनच उगवते, त्यामुळे सोडवायला बाहेरून कोणी येण्याचा प्रश्नच नसतो. दूरचित्रवाणीने दोघांनाही घराघरांत नेले. धारपांच्या कथांवर ‘अनोळखी दिशा’ आणि कादंबरीवर ‘ग्रहण’ (२०१८) या मालिका झाल्या.

धारपांचा सर्वांत लांब गेलेला पडसाद ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची कथा सांगितली, तिथून हे बीज पडले. ती कथा मुळात किंग यांच्या कथेवर बेतलेली होती, हे त्यांना बऱ्याच नंतर कळले. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून आले. चित्रपटात वाडा आहे, शापित धन आहे, मरण न येणारी म्हातारी आहे. समर्थ तेवढे नाहीत. बचावासाठी आहे ते पिठाचे रिंगण, तेही ज्याचे त्याने आखायचे. आणि त्या धनासाठी आत उतरायला कोणी ढकलत नसते.